२१३ चौरस फुटांची कारकीर्द

पुण्यात डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर आहे, असं धरून चालू. आठवड्याला १२ शस्त्रक्रिया, वर्षाचे ५० आठवडे, आणि अशी ३० वर्षं. म्हणजे १८,००० डोळे. माणसाच्या एका डोळ्यातला पडदा, ज्याला सगळे आता रेटिनाच म्हणतात, सपाट अंथरला तर सुमारे ११०० चौरस मिलिमीटर भरतो. गुणाकार केला की उत्तर येतं १९.८ चौरस मीटर, म्हणजे पुणेकराला पटकन कळेल अशा मापात २१३ चौरस फूट. बिल्डरच्या छापील पत्रकात ज्याला 'वन आरके' म्हणतात, तेवढं जेमतेम. आयुष्यभर मान मोडून, पाठीचे मणके झिजवून काम केलं, त्याचं एकूण क्षेत्रफळ एवढंच.

वर्षाला ६०० हा आकडा मी धरलेला आहे. कुणी याच्या निम्म्या करतं, कुणी दुप्पट. मोतीबिंदूशी मात्र याची तुलना करू नये. डॉ. तात्याराव लहाने यांच्या नावावर मोतीबिंदूच्या एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया आहेत, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण सरावलेल्या हाताला मोतीबिंदूला दहा मिनिटं पुरतात. पडद्याचं काम तासाभराचं, कधी दोन तासांचं. सरासरी एक तास धरला तरी १८,००० तास होतात. दिवसरात्र न थांबता ७५० दिवस, म्हणजे दोन वर्षं आणि वर वीस दिवस, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून.

आता या २१३ चौरस फुटांत काय काय मावलंय ते पाहू. एका पडद्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सरासरी ९ कोटी २० लाख, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारे ४६ लाख. ही मोजणी क्रिस्टीन कर्सिओ आणि सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केली. त्याआधीच्या पाठ्यपुस्तकांत १२ कोटी हा आकडा होता, आणि तो अजूनही सर्रास छापला जातो. १८,००० डोळ्यांतल्या नुसत्या दंडपेशींची बेरीज १ लाख ६५ हजार कोटींच्या वर जाते. आपल्या आकाशगंगेत तारे किती, याचे अंदाज १० हजार कोटींपासून ४० हजार कोटींपर्यंत आहेत. म्हणजे वरचा अंदाज खरा मानला तरी वन आरकेमध्ये चार आकाशगंगा बसल्या.

त्यातही सगळी जागा सारख्या मोलाची नाही. पडद्याच्या ऐन मध्यावर एक खळगा आहे, फोव्हिया. तिथे एका चौरस मिलिमीटरमध्ये जवळजवळ दोन लाख शंकुपेशी दाटीवाटीने उभ्या असतात. खळग्याच्या तळाशी, जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर रुंदीच्या जागेत, दंडपेशींना प्रवेशच नाही. हे वाक्य तुम्ही वाचताय ते या ठिपक्याच्या जोरावर. फोव्हियाने पडद्याचा एक टक्काही भाग व्यापलेला नसतो, पण मेंदूत दृष्टीसाठी राखलेल्या जागेचा जवळपास अर्धा वाटा त्याच्याकडे जातो. आणि या साडेनऊ कोटी पेशींनी टिपलेलं सगळं मेंदूकडे नेणारे तंतू किती? दहा-बारा लाख. ऐंशी पेशींच्या वाट्याला एक तंतू. एवढी काटछाट पडद्यातच होऊन जाते, मेंदूपर्यंत पोचण्याआधी.

या पेशी किती हळव्या आहेत, हे १९४२ साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी मोजलं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला 'काहीतरी चमकलं' असं जाणवायला प्रकाशाचे पाच ते चौदा कण पडद्यात शोषले गेले तरी पुरे. आणि अशा पेशी जिथे पसरलेल्या आहेत तिथे माणूस चिमटा घेऊन उतरतो.

शस्त्रक्रियेच्या खोलीत दिवे मालवलेले असतात. उजेड फक्त डोळ्याच्या आत, लाइट पाइपचा. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात, तीन बारीक भोकं पाडलेली असतात. एकातून खारं पाणी आत येत राहतं म्हणजे डोळा पिचकत नाही, दुसऱ्यातून उजेड, तिसऱ्यातून हत्यार. दोन्ही हात गुंतलेले आणि दोन्ही पायही गुंतलेले, एक सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर, दुसरा कटरच्या. आधी डोळ्यातली जेलीसारखी काच, म्हणजे व्हिट्रिअस, कापून ओढून घेतात. मग फोव्हियावर निळा रंग सोडतात. क्षणभर थांबून तो धुऊन काढला की एक पारदर्शक पापुद्रा फिका निळा दिसू लागतो. पडद्याच्या अगदी आतल्या अंगाचा हा पापुद्रा दोन-अडीच मायक्रॉन जाडीचा असतो. छपाईचा साधा कागद १०० मायक्रॉनचा, म्हणजे कागदाच्या जाडीत असे चाळीस पापुद्रे बसतील. चिमट्याने त्याची एक कड उचलायची आणि गोल गोल फिरवत सोलायची, खालच्या पेशींना धक्का न लावता.

तसा कुणाचाच हात स्थिर नसतो. निरोगी, तरुण, निष्णात हातालाही नैसर्गिक कंप असतो, आणि डोळ्याच्या सूक्ष्म शस्त्रक्रियेत तो मोजला तर शंभर मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतो. पापुद्रा अडीच मायक्रॉनचा आणि हाताची थरथर त्याच्या किमान चाळीसपट. गणिताच्या हिशेबाने ही शस्त्रक्रिया व्हायलाच नको. ती होते, कारण हत्यार भोकाच्या कडेवर टेकलेलं असतं, मनगटाला आधार असतो, आणि डोळा क्षणोक्षणी हाताला दुरुस्त करत राहतो. काही सर्जन शस्त्रक्रियेच्या दिवशी चहा टाळतात. चौकाचौकांत अमृततुल्य असलेल्या गावात ही साधनाच म्हणायची.

फोव्हियाला भोक पडलं, ज्याला मॅक्युलर होल म्हणतात, तर त्यावर काही करता येतं हेच १९९१ पर्यंत मान्य नव्हतं. त्या वर्षी केली आणि वेंडेल या अमेरिकी डॉक्टरांनी ५२ डोळ्यांचे निकाल छापले. ५८ टक्के भोकं मिटली होती. आज हा पापुद्रा सोलून नव्वद टक्क्यांच्या वर मिटतात. भोकाचा व्यास असतो साधारण ४०० मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तेवढ्यापायी माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कान दिसतात.

पडदा सुटण्याचं, रेटिनल डिटॅचमेंटचं, गणित याहून जुनं आणि याहून भयंकर आहे. १९१२ साली डेरिक व्हेल या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांकडे विचारणा केली, पडदा सुटलेले किती डोळे बरे झाले? उत्तर निघालं, हजारात एक. रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून झोपवून ठेवायचे, आणि एवढं करून हजारात एक. लोझानमधल्या जूल गोनॅं यांनी सांगितलं की पडद्याला कुठेतरी फाट असते, ती शोधा आणि बंद करा. त्यांनी ते करूनही दाखवलं, पण जगाला पटायला १९२० चं अख्खं दशक गेलं. आज पहिल्याच शस्त्रक्रियेत दहापैकी साडेआठ-नऊ पडदे बसतात. शंभर-सव्वाशे वर्षांत यशाचं प्रमाण जवळजवळ नऊशेपट झालं. वैद्यकातच काय, कुठल्याही धंद्यात अशी उडी मला दुसरी सापडत नाही.

मधला टप्पा मायामीत रॉबर्ट माकेमर यांनी १९७० च्या सुमारास गाठला. त्यांनी बंद डोळ्यात शिरून व्हिट्रिअस कापणारं यंत्र आणलं. सुरुवातीची यंत्रं मिनिटाला काहीशे काप घेत. आजचा कटर मिनिटाला १०,००० काप घेतो, दुहेरी पात्याचा २०,०००. हत्यारांची जाडीही उतरत गेली. वीस गेजचं ०.९ मिलिमीटर, तेवीसचं ०.६, पंचवीसचं ०.५, सत्तावीसचं ०.४. तेवीसपासून पुढे बहुतेकदा टाकाच घालावा लागत नाही. आपल्या कल्पित सर्जनकडे परत येऊ. एका डोळ्यात वीस मिनिटं कटर चालला, मिनिटाला १०,००० कापांच्या हिशेबाने, तर दोन लाख काप झाले. १८,००० डोळ्यांत ३६० कोटी. आणि प्रत्येक डोळ्यातून चार मिलिलीटर धरलं तर तीस वर्षांत काढलेलं एकूण व्हिट्रिअस ७२ लिटर.

काढलेल्या व्हिट्रिअसच्या जागी पुष्कळदा वायू भरतात, आणि इथे पुण्याचा भूगोल आडवा येतो. सीथ्रीएफएट नावाचा वायू शुद्ध स्वरूपात चौपट फुगतो, म्हणून हवेत मिसळून भरतात. तो विरघळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पडद्याला आतून दाबून धरायचं हे त्याचं काम. "आजोबा, मान खालीच ठेवायची, जेवतानाही," असं बजावून रुग्णाला घरी सोडतात, कारण बुडबुडा वर चढतो आणि डोळ्याचा तळ वर आणायचा तर माणसाने पालथं व्हायला हवं.

पण बंदिस्त वायूला बाहेरच्या हवेचा दाब कळतो. मुंबईत हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा धरला तर पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, तो सुमारे ७११ भरतो. मुंबईत शस्त्रक्रिया करून बोरघाट चढून आलेल्या माणसाच्या डोळ्यातला बुडबुडा जवळपास सात टक्के फुगायला बघतो. पुण्यात शस्त्रक्रिया करून कुणी पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला निघाला, तर वर दाब ६४६ च्या आसपास, फुगवटा दहा टक्के. डोळा वायूने पूर्ण भरला असेल तर ०.४ मिलिलीटर जास्तीची जागा हवी, आणि डोळ्याची भिंत काही फुग्याची नाही. आत दाब वाढतो, डोळा ठणकतो, रक्तपुरवठा अडू शकतो. विमान तर आणखी वाईट. केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असू शकतो, म्हणजे ५६५ च्या घरात, आणि लोहगावहून उडालेल्या माणसाचा बुडबुडा पंचवीस टक्क्यांच्या वर फुगेल. म्हणून मनगटावर पट्टी बांधतात आणि घरी जायचा रस्ता विचारतात. कोकणातल्या माणसाला सरळ सोडता येतं, त्याचा घाट उतरणीचा असतो. वाईच्या पुढे राहणाऱ्याला विचारावं लागतं, "इथे पुण्यात कुणाकडे दीड-दोन महिने राहता येईल का?"

मधुमेहाच्या डोळ्यावर लेसर करतात, तो हिशेब मला सगळ्यात विलक्षण वाटतो. साखरेने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, पडद्याची उपासमार होते, तो नव्या वाहिन्या मागवतो, आणि त्या कच्च्या वाहिन्या फुटून डोळा रक्ताने भरतो. उपाय काय, तर उपाशी पडद्याचा कडेचा भाग मुद्दाम जाळायचा, म्हणजे मागणी कमी होईल. पारंपरिक पद्धतीत अर्ध्या मिलिमीटरचे १२०० ते १६०० डाग देतात. १५०० धरले तर एकूण क्षेत्र २९४ चौरस मिलिमीटर भरतं. अकराशेपैकी जवळजवळ २७ टक्के पडदा आपल्या हाताने जाळला! पाव पडदा देऊन मधला ठिपका वाचवायचा. १९७० च्या दशकातल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत या जाळपोळीने दृष्टी गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल आणि घरी बायकोला त्याने कसं समजावलं असेल, असं नेहमी मनात येतं.

नंतर इंजेक्शनं आली. नव्या वाहिन्या बोलावणारा निरोपच अडवणारं औषध, एका वेळी ०.०५ मिलिलीटर, म्हणजे एका मिलिलीटरचा विसावा भाग. २००५ मध्ये मायामीच्याच फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगावरचं बेव्हासिझुमॅब डोळ्यात वापरून पाहिलं. कर्करोगासाठीची कुपी १०० मिलिग्रॅमची आणि डोळ्याचा डोस सव्वा मिलिग्रॅमचा. नुसत्या भागाकाराने ८० डोस, प्रत्यक्षात वाया जाणारं धरून बरेच कमी. २०११ साली मोठ्या चाचणीत ते आणि डोळ्यासाठी खास बनवलेलं औषध तोडीस तोड ठरले. त्या वेळी अमेरिकेत एकाची किंमत डोसमागे ५० डॉलर होती आणि दुसऱ्याची २०००. चाळीसपट फरक. इथल्या बाह्यरुग्ण विभागात मात्र किमतीच्याही आधी दुसरा प्रश्न येतो. "डॉक्टर, मला तर सगळं दिसतंय, मग डोळ्यात सुई कशाला?"

आता माप उलटं करू, कारण मायक्रॉनमधून बाहेर आलं की सर्जनची कारकीर्द अचानक फार लहान दिसायला लागते.

२०२३ साली आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीने सांगितलं की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, प्रौढांत ११.४ टक्के. शहरांत १६.४ टक्के. यातल्या किती जणांच्या पडद्याला धक्का बसलाय? पुण्याचे रेटिना सर्जन डॉ. सलील गाडकरी यांनी कुरेश मस्कती आणि बरुण नायक यांच्याबरोबर ऑल इंडिया ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटीसाठी २०१४ ची पाहणी मांडली. १९४ केंद्रं, ६२१८ मधुमेही, त्यातल्या ५१३० जणांची माहिती विश्लेषणाला योग्य, आणि उत्तर २१.७ टक्के. एम्सच्या २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १६.९ टक्के आले. दारोदार जाऊन केलेल्या, २०२२ मध्ये छापलेल्या 'स्मार्ट इंडिया' अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींत १२.५ टक्के, आणि दृष्टी धोक्यात असलेले ४ टक्के.

तीन आकडे तीन दिशांना दिसतात, पण यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. मधुमेह आहे हे आधीच माहीत असलेला माणूस तपासणीला येतो तेव्हा त्याच्या आजाराला बहुधा काही वर्षं होऊन गेलेली असतात. दारावर जाऊन गाठलेल्यांत कालपर्यंत काहीच ठाऊक नसलेलेही निघतात. जास्त जुना आजार, जास्त बिघडलेला पडदा. मी माझ्या हिशेबाला सगळ्यात लहान आकडा घेतो, म्हणजे कुणी घाबरवतोय असं म्हणायला नको.

पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती. आज ती बरीच वाढली आहे, पण तीच धरू. प्रौढ अंदाजे ६५ लाख. ११.४ टक्क्यांनी ७ लाख ४० हजार मधुमेही. दृष्टी धोक्यात असलेले ४ टक्क्यांनी जवळपास ३०,०००. आपल्या सर्जनचे तीस वर्षांतले सगळे डोळे १८,०००. तेसुद्धा डोळे, माणसं नव्हेत. या तीस हजारांतल्या सगळ्यांना शस्त्रक्रिया लागणार नाही हे खरं. बहुतेकांचं लेसर आणि इंजेक्शनवर भागेल. पण इंजेक्शन एकदा घेऊन संपत नाही, आणि दरवर्षी नवे लोक रांगेला येतात. डोळ्याचे डॉक्टर देशभरात मिळून वीस-पंचवीस हजार. त्यात पडद्यावर काम करणारे थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत दाटलेले. शिवाय एक रेटिना सर्जन तयार व्हायचा तर एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची तीन, फेलोशिपची दोन. मधल्या परीक्षा आणि बंधपत्रं धरली की तिशी आलीच.

इथे मी दुसरं एक गणित करून पाहिलं. ३०,००० माणसं वाचवायची तर आधी ७ लाख ४० हजारांतून ती शोधायला हवीत. पडद्याचा फोटो काढायला दर माणसामागे पाच मिनिटं. म्हणजे ३७ लाख मिनिटं, ६१,६६७ तास. एक कॅमेरावाला वर्षाला २००० तास काम करतो असं धरलं तर लागणारे लोक ३१. अख्ख्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मधुमेहीचा पडदा वर्षातून एकदा बघायला एकतीस तंत्रज्ञ आणि एकतीस कॅमेरे! उत्तर चुकलंय असं वाटून मी पुन्हा भागाकार केला. तेच आलं. अर्थात माणसं रांगेत आणून बसवली असती तर. प्रत्यक्षात इंदापूरचा शेतकरी कामाचा खाडा करून फोटोसाठी येणार नाही. म्हणून कॅमेरा साखरेच्या डॉक्टरकडे, सरकारी दवाखान्यात जायला हवा. तरी एकतीसचे शंभर झाले, तिप्पट वेळ वाया गेला, असं समजा. शंभर तंत्रज्ञ म्हणजे फार मोठी गोष्ट नाही.

ते फोटो वाचणार कोण, हा पुढचा प्रश्न. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १,२८,१७५ फोटोंवर संगणकाला शिकवलं. शिकवणीसाठी ते फोटो ५४ डॉक्टरांनी तपासले होते, एकेक फोटो तीन ते सात वेळा. मुंबईत डॉ. सुंदरम नटराजन आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेला कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय चालणारा संगणकी वाचक वापरून पाहिला. २०१९ मध्ये निकाल छापले. २३१ रुग्ण होते, पुढे पाठवायला हवा असा एकही सुटला नाही, आणि निरोग्यांना निरोगी म्हणण्यात अचूकता ८८.४ टक्के. रुग्णसंख्या लहान आहे, पण कॅमेरा धरणारे आरोग्य कर्मचारी होते, डोळ्याचे डॉक्टर नव्हते. पुण्यासारख्या ठिकाणी रेटिना सर्जनच्या कारकिर्दीतला सगळ्यात फलदायी तास शस्त्रक्रियेच्या टेबलाशी जातो, की असा अभ्यास आखण्यात? मला दुसरं वाटतं. सर्जन मंडळी यावर हसतील, कारण त्यांना टेबलच आवडतं.

संशोधनाची दुसरी टोकं पुण्याच्या रोजच्या कामापासून अजून लांब आहेत. २०१६ मध्ये ऑक्सफर्डला रॉबर्ट मॅक्लारेन यांनी पहिल्यांदा यंत्रमानवाच्या हाताने डोळ्याच्या आत शस्त्रक्रिया केली. हाताची थरथर यंत्राने गाळून टाकायची, ही त्यातली कल्पना. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत आनुवंशिक अंधत्वावर जनुकीय औषधाला परवानगी मिळाली. पडद्याखाली ०.३ मिलिलीटर सोडायचं, त्यात जनुक वाहणारे १५,००० कोटी विषाणूकण, आणि दोन डोळ्यांची किंमत ८ लाख ५० हजार डॉलर.

उरली बाळं. पुण्यातल्या या कामात मला सगळ्यात जड वाटतात ती हीच. २०२० मध्ये भारतात अंदाजे ३० लाख बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली, शंभरात तेरा. जगभरातलं प्रमाण लावलं तर यातली १५ टक्के ३२ आठवड्यांच्याही आधीची. म्हणजे वर्षाला साडेचार लाख, दिवसाला बाराशेच्या वर. पडद्यातल्या रक्तवाहिन्या गर्भात सोळाव्या आठवड्याला मधून निघतात आणि कानाकडच्या कडेला चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास पोचतात. बाळ मधेच बाहेर आलं की त्या अर्ध्या वाटेवर असतात. मग त्या भरकटतात, आणि पडदा ओढून सोडवतात. याचं नाव रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. दवाखान्यात सगळे आरओपी म्हणतात.

महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. सुचेता कुलकर्णी आणि लंडनच्या क्लेअर गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'इंडियन पीडिआट्रिक्स'मध्ये एक अभ्यास छापला. पश्चिम भारतातली जी मुलं यामुळे आंधळी झाली ती उशिरा का पोचली आणि त्यांच्या घराचं काय झालं, हा त्याचा विषय. शस्त्रक्रियेचं तंत्र नाही, उशीर. असा विषय निवडायला सर्जनकडे वेगळी दृष्टी लागते.

तपासणीही बघण्यासारखी असते. काचपेटीतून काढलेलं हजार-बाराशे ग्रॅमचं बाळ, कपड्यात घट्ट गुंडाळलेलं. पापण्या उघड्या ठेवायला बोटाच्या पेरापेक्षा लहान तारेचा चाप. डोळ्याची लांबी सोळा-सतरा मिलिमीटर, मोठ्या माणसाच्या चोवीसच्या जागी. डॉक्टर कपाळावरचा दिवा लावून, हातात भिंग धरून वाकतात. परिचारिका बाळाचं डोकं धरते आणि तिची नजर प्राणवायूच्या आकड्यावर असते. तो घसरला की सगळे थांबतात. बाळ रडलं तर बरं मानतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नियम सांगतो की ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाचं बाळ जन्मापासून तीस दिवसांच्या आत एकदा तपासलंच पाहिजे. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. घरच्यांच्या दृष्टीने हे दिवस वजनाचे असतात, आज वीस ग्रॅम वाढलं, काल दहा कमी झालं. डोळा कुणाच्या मनातही नसतो, आणि बाहेरून बघून त्यात काहीच दिसत नाही. त्यात बहुधा याच सुमारास सुट्टी होते आणि बाळ आईबरोबर आजोळी जातं, दौंडला, करमाळ्याला, परांड्याला.

पासष्टीच्या माणसाची दृष्टी वाचली तर दहा-पंधरा वर्षांची वाचते. बाळाची वाचली तर पासष्ट-सत्तर वर्षांची. हिशेब इतका एकतर्फी असूनही हातातला वेळ अगदी उलटा आहे. मोतीबिंदूला दिवाळीनंतर बघू म्हणता येतं. आरओपी उपचाराच्या पायरीवर पोचलेला दिसला की ४८ ते ७२ तासांत लेसर किंवा इंजेक्शन व्हायला हवं. शनिवारी दुपारी दोनला दिसलं तर मंगळवारी दुपारी दोनच्या आत, आणि त्यात रविवार धरलेला आहे.